कांद्याचा भाव आणि मताचा टक्का : सटाण्याची चार दशके

जानेवारी 1980 च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींच्या प्रचारात कांदा होता. दिल्लीत आणि उत्तरेतल्या शहरांत कांदा कडाडला होता. ज्यांना कांद्याचा भाव आवरता येत नाही त्यांना राज्य काय चालवता येणार, असा त्या प्रचाराचा सूर होता. काँग्रेस (आय) मोठ्या बहुमताने परत आली. सटाणा तेव्हा मालेगाव लोकसभा मतदारसंघात होते, आणि तिथूनही काँग्रेसचेच झामरू मंगळू कहांडोळे निवडून गेले. दहा महिने उलटले आणि नोव्हेंबरात त्याच नाशिक जिल्ह्यातले शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर आणि रेल्वेच्या रुळांवर बसले. त्यांची तक्रार नेमकी उलटी होती. कांद्याला भाव नव्हता.

एका पिकाची ही दोन टोके एकाच वर्षात दिसली. खाणारा महागाईने चिडतो तेव्हा सरकार निर्यात रोखते, आणि निर्यात रोखली की पिकवणारा मातीत जातो. खाणारे देशभर पसरलेले आहेत, पिकवणारे मोजक्या तालुक्यांत आहेत. त्यामुळे मतांच्या हिशेबात कांदा उत्पादकाचे पारडे कायम हलके राहिले. बागलाण हा अशा मोजक्या तालुक्यांपैकी एक आणि सटाणा हे त्याचे मुख्य ठिकाण. नाशिकपासून नव्वदेक किलोमीटरवर, आरम नदीच्या काठी, विंचूर-प्रकाशा रस्त्यावर वसलेले हे गाव. 2011 च्या जनगणनेतही शहराची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आतच होती. या छोट्या गावाने आणि त्याच्या तालुक्याने कांद्याचा राग मतपेटीत कधी टाकला, कधी टाकला नाही आणि का, हे समजून घ्यायला 1980 पासूनच सुरुवात करावी लागते.

या आंदोलनाचे नेते शरद जोशी तोवर नाशिक जिल्ह्याला फारसे ठाऊक नव्हते. भारतीय टपाल सेवेतून स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथल्या जागतिक टपाल संघटनेत गेलेला हा अधिकारी 1977 मध्ये परतला. चाकणजवळच्या आंबेठाणला त्याने कोरडवाहू जमीन घेतली. शेती का तोट्यात जाते हे त्याला स्वतःच्या बांधावर उभे राहून पाहायचे होते. चाकणच्या बाजारात कांद्याचे भाव कोसळले आणि पहिली आंदोलने तिथेच झाली. 1979 मध्ये शेतकरी संघटना स्थापन झाली. तिची मागणी एकच होती, शेतमालाला उत्पादन खर्चावर आधारलेला रास्त भाव. कर्जमाफी, अनुदान, खत-बियाण्यांत सवलत या सगळ्या मागण्या जोशींनी बाजूला ठेवल्या. भाव मिळाला तर शेतकऱ्याला कशाचीही भीक मागावी लागणार नाही, असे ते सांगत. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा त्यातूनच आली.

चाकणची ठिणगी नाशिकला पोचली ती पिंपळगाव बसवंतचे माधवराव खंडेराव मोरे, प्रल्हाद पाटील कराड आणि माधवराव बोरस्ते यांच्यामुळे. 10 नोव्हेंबर 1980 ला आंदोलन सुरू झाले. कांद्याला किलोला एक रुपया आणि उसाला टनाला तीनशे रुपये या त्याच्या मागण्या. नाशिककडे येणारे रस्ते अडले, रेल्वे अडली, हजारो शेतकरी तुरुंगात गेले. खेरवाडीला रेल्वेमार्गावर पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी ठार झाले. मुख्यमंत्री बॅ. अंतुले होते, म्हणजे जानेवारीत ज्या पक्षाला मत दिले त्याच पक्षाचे राज्य. मत देऊन वर्षही झाले नव्हते आणि शेतकऱ्याला स्वतःच निवडलेल्या सरकारपुढे छाती काढून उभे राहावे लागले. नाशिकच्या शेतकऱ्यांच्या मनात निवडणुकीविषयी जो अविश्वास बसला त्याचे मूळ या वर्षात आहे.

पुढच्या वर्षी कर्नाटकातल्या निपाणीला तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला. 6 एप्रिल 1981 च्या गोळीबारात तिथे बारा जण गेले. दोन राज्यांत आंदोलने झाली होती, माणसे मेली होती, हजारो कार्यकर्ते जोडले गेले होते. संघटनेला आता आपले म्हणणे एकदा नीट मांडायचे होते. त्यासाठी तिने सटाणा निवडले. 1, 2 आणि 3 जानेवारी 1982 या तीन दिवसांत शेतकरी संघटनेचे पहिले अधिवेशन इथे भरले.

मोठ्या शहराऐवजी एका तालुक्याच्या गावी अधिवेशन घ्यावे यात संघटनेचा स्वभाव दिसतो. नाशिक जिल्हा 1980 पासून चळवळीचा कणा झाला होता. बागलाणात कांदा होता, ऊस होता, आणि मोसम-आरमच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली फड पद्धत होती. फडात बंधाऱ्याचे पाणी सगळ्यांचे असते. पाटकरी ठरवून देईल त्या पाळीने प्रत्येकाच्या शेताला ते मिळते आणि कोणते पीक कुठे घ्यायचे हेही एकत्र ठरते. आपापसांत नियम ठरवून ते पाळण्याची सवय या गावांना सरकारी सहकाराच्या कितीतरी आधीपासून होती. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या शेतकऱ्यांचा पाहुणचार अशा गावांना जड गेला नसावा.

सटाण्याने महाराष्ट्राला दिलेली मुख्य गोष्ट म्हणजे आपण सगळे एकाच प्रश्नाने बांधलेले आहोत ही जाणीव. कांदेवाला, ऊसवाला, कापूसवाला, तंबाखूवाला यांची आंदोलने तोवर वेगवेगळी होती. सटाण्यात ती एका चौकटीत बसली. खेड्यांना लुटून शहरे पोसली जातात, म्हणजेच ‘भारत’ आणि ‘इंडिया’ असे दोन देश एकाच सीमेत नांदतात, ही जोशींची मांडणी त्यानंतर गावोगाव पोचली. आकडेवारी घेऊन उत्पादन खर्च काढणारा शेतकरी त्या काळात तयार झाला. माझ्या मते बागलाणच्या सार्वजनिक आयुष्यातली ती सर्वांत उंचीची घटना आहे, आणि तिची नोंद कुठल्याही मतमोजणीत सापडणार नाही. कारण सटाण्याच्या त्या मांडवात मत या गोष्टीला मुद्दाम जागा ठेवलेली नव्हती.

संघटनेत येताना आपापल्या पक्षाचे जोडे बाहेर काढून या, असे जोशी सांगत. आपण उद्या मते मागायला आलो तर जोड्याने मारा, असेही ते सभांतून म्हणत. पुढे ते वाक्य त्यांना वारंवार ऐकवले गेले. या भूमिकेमागे विचार होता. सत्तेवर कोणताही पक्ष असो, शहरी ग्राहकाला आणि कारखान्याला स्वस्त कच्चा माल देण्याचे धोरण बदलत नव्हते. मग निवडणूक लढवून आणखी एक पक्ष वाढवण्यापेक्षा सगळ्याच पक्षांवर दबाव ठेवणारी ताकद उभी करावी, हा हिशेब. सटाण्यातल्या सामान्य शेतकऱ्याला तो पटण्याचे आणखी एक कारण होते, आणि ते बागलाणच्या मतदारसंघांच्या रचनेत होते.

मालेगाव लोकसभा मतदारसंघ आणि बागलाण विधानसभा मतदारसंघ हे दोन्ही अनुसूचित जमातींसाठी राखीव होते. तालुक्याच्या पश्चिमेला साल्हेर-मुल्हेरच्या डोंगररांगांत, डांगसौंदाण्याच्या पट्ट्यात कोकणा, भिल्ल आणि इतर आदिवासी समाज मोठ्या संख्येने आहे. पूर्वेला नामपूर, लखमापूर, ब्राह्मणगाव, सटाणा या बागायती पट्ट्यात मराठा, माळी आणि इतर शेतकरी जाती. कांद्याचे आंदोलन मुख्यतः पूर्वेचे होते, आणि आमदार-खासदारकीची उमेदवारी मुख्यतः पश्चिमेची. कांदेवाला मत देऊ शकत होता, स्वतः उभा राहू शकत नव्हता. त्याची महत्त्वाकांक्षा जिल्हा परिषदेच्या गटात, बाजार समितीत, विविध कार्यकारी सोसायटीत आणि विठेवाडीच्या वसंतदादा साखर कारखान्याच्या संचालक मंडळात वाहत गेली. त्या निवडणुका जास्त चुरशीच्या आणि जास्त खर्चाच्या होऊ लागल्या. विधानसभेचा उमेदवार कोण असावा हे ठरवताना या संस्थांच्या नेत्यांचा शब्द चाले, पण त्या उमेदवाराचे यश त्यांच्या शेतमालाच्या भावाशी बांधलेले नसे.

आरक्षणाला यात दोष देता येणार नाही. शतकानुशतके सावकार, जंगल खाते आणि जमीनदार यांच्या तडाख्यात सापडलेल्या आदिवासींना विधिमंडळात आवाज मिळाला तो आरक्षणामुळेच. मुद्दा असा की बागलाणच्या मतदारांत दोन वेगवेगळ्या गरजा एकत्र नांदत होत्या. पूर्वेच्या शेतकऱ्याला कांद्याचा भाव वर हवा. पश्चिमेच्या मजुराला रोजंदारी, रेशन आणि कसत असलेल्या वनजमिनीचा सातबारा हवा. शेतमालाचा भाव वाढला तर मजुरी वाढेल हा संघटनेचा युक्तिवाद खरा होता, पण तो डोंगरातल्या पाड्यांवर जाऊन कोणी पुरेसा समजावला नाही. शेजारच्या कळवण-सुरगाण्यात मात्र कम्युनिस्टांचा लाल बावटा रुजला. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या किसान सभेच्या लाँग मार्चमध्ये वनहक्काची मागणी घेऊन चालणारे बहुसंख्य पाय याच डोंगरपट्ट्यातले होते.

राजकारणाबाहेर राहण्याचा निर्धार फार काळ टिकला नाही. 1984 च्या परभणी अधिवेशनानंतर संघटना निवडणुकीच्या वाटेकडे सरकू लागली, आणि त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत तिने काँग्रेसला विरोध करण्याची भूमिका घेतली. पण ऑक्टोबरच्या अखेरीस इंदिराजींची हत्या झाली आणि सहानुभूतीच्या लाटेत महाराष्ट्रातल्या 48 पैकी 43 जागा काँग्रेसने जिंकल्या. मालेगावातून काँग्रेसचे सीताराम भोये निवडून गेले. ज्या तालुक्यात तीन वर्षांपूर्वी पहिले अधिवेशन झाले, तिथेही भावाचा प्रश्न त्या लाटेपुढे टिकला नाही.

संघटनेने खरी नवी गोष्ट केली ती 1986 मध्ये, सटाण्याच्या दक्षिणेला चांदवडला. नोव्हेंबरातल्या त्या महिला अधिवेशनाला शेतकरी बाया लाखोंच्या संख्येने आल्या. इतक्या मोठ्या संख्येने खेड्यातल्या स्त्रिया केवळ स्वतःच्या प्रश्नासाठी जमल्याचे उदाहरण त्याआधी महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. पंचायत राजच्या निवडणुका महिलांनी लढवाव्यात, पूर्ण पॅनेल महिलांचेच असावे, असा निर्धार तिथे झाला. घटनादुरुस्तीने पंचायतींत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या त्या 1993 मध्ये, म्हणजे सात वर्षांनी. बागलाण-चांदवडच्या बायकांनी मतदार म्हणून स्वतःकडे वेगळे पाहायला सुरुवात केली ती तिथून, असे मी मानतो. त्याआधी घरातला कर्ता सांगेल त्या चिन्हावर शिक्का मारण्याची रीत होती. पुढे 1989 च्या अमरावती अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम आला आणि हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला.

1989 मध्ये वारे फिरले. बोफोर्सच्या वादळात राजीव गांधींचे सरकार गेले. मालेगावातून जनता दलाचे हरिभाऊ महाले, नाशिकमधून भाजपचे डॉ. दौलतराव आहेर निवडून आले. शरद जोशी विश्वनाथ प्रताप सिंगांच्या बाजूला उभे होते. नव्या सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतच्या कृषी कर्जातून शेतकऱ्यांना मुक्त केले आणि जोशींना कृषी सल्लागार समितीचे अध्यक्षपद दिले. सटाण्याच्या मांडवातून निघालेला विचार दिल्लीच्या दारात पोचला तो हा क्षण. पण 1990 च्या विधानसभा निवडणुकीत जनता दलाच्या चिन्हावर संघटनेचे जे मोजके आमदार झाले त्यांतले मोरेश्वर टेमुर्डे, वामनराव चटप, सरोज काशीकर हे विदर्भातले होते. जिथून चळवळीने बळ घेतले त्या नाशिकच्या कांदा पट्ट्यात संघटनेला मतपेटीतून तसे यश आले नाही. 1994 मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. 1995 मध्ये ते स्वतः उभे राहिले आणि पडले.

चळवळीला मत का मिळाले नाही, यावर शेतकऱ्यांना जातीपलीकडे पाहता येत नाही असे सोपे उत्तर अनेकदा दिले जाते. मला ते अर्धवट वाटते. रस्त्यावर बसायला संघटनेचा बिल्ला लावलेला माणूस पुरतो. मत मिळवायला मतदार यादी लागते, बूथवर दिवसभर बसणारी माणसे लागतात, आजारी म्हाताऱ्याला गाडीत घालून आणणारा लागतो, आणि पाच वर्षे तहसील, पोलीस ठाणे, दवाखाना इथे त्याच्यासोबत जाणारा लागतो. हे जाळे सोसायटी आणि कारखान्याच्या नेत्यांकडे तयार होते. संघटनेकडे विचार होता, धाडस होते, जाळे नव्हते. आणि उभा राहू शकणारा आपला माणूस राखीव मतदारसंघात शोधायला तिने उशीर केला.

1991 पासूनची वर्षे झपाट्याने सांगता येतील. मालेगाव लोकसभेत 1991 ला काँग्रेसचे कहांडोळे, 1996 ला भाजपचे कचरूभाऊ राऊत, 1998 ला पुन्हा कहांडोळे, 1999 ला जनता दल (सेक्युलर)चे हरिभाऊ महाले, 2004 ला भाजपचे हरिश्चंद्र चव्हाण. पाच निवडणुका आणि प्रत्येक वेळी बदल. कुठल्याही पक्षाला इथला मतदार आपला म्हणता आला नाही. विधानसभेतही तेच दिसते. 2004 मध्ये अपक्ष संजय चव्हाण, 2009 मध्ये भाजपचे उमाजी बोरसे, 2014 मध्ये राष्ट्रवादीच्या दीपिका चव्हाण, 2019 मध्ये भाजपचे दिलीप बोरसे. 2014 चा निकाल अवघ्या चार हजारांच्या आसपासच्या फरकाने लागला. बोरसे आणि चव्हाण ही दोन घराणी, आणि मधोमध असा मतदार जो पाच वर्षांनी हिशेब मागतो. याला चंचलपणा म्हणणारे बरेच आहेत. बाजारात एका आडत्याने फसवले तर दुसऱ्याकडे माल नेणाऱ्या शेतकऱ्याचा तो रोखठोक स्वभाव आहे.

मतदारसंघांच्या पुनर्रचनेने मात्र डाव बदलला. 2009 पासून मालेगाव लोकसभा मतदारसंघ इतिहासजमा झाला आणि बागलाण धुळे लोकसभा मतदारसंघात गेले. धुळे ग्रामीण, धुळे शहर, सिंदखेडा, मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण अशी सहा विधानसभा क्षेत्रे त्यात आली. ही जागा खुली होती. म्हणजे कांदेवाल्याला प्रथमच लोकसभेची वाट मोकळी झाली, आणि पहिल्याच निवडणुकीत बागलाण तालुक्यातले प्रताप सोनवणे भाजपकडून खासदार झाले. त्यांनी काँग्रेसच्या अमरीशभाई पटेलांना सुमारे एकोणीस हजार मतांनी हरवले. मालेगावचे ज्येष्ठ समाजवादी नेते निहाल अहमद तिसरे राहिले. त्या वर्षी मतदारसंघात मतदान झाले ते जेमतेम बेचाळीस-त्रेचाळीस टक्के. शंभरातल्या सत्तावन्न-अठ्ठावन्न माणसांनी आपला नवा मतदारसंघ मतदान न करताच स्वीकारला होता.

मताच्या टक्क्यामागे इथे ऋतू असतो. लोकसभेची निवडणूक एप्रिल-मेमध्ये येते. उन्हाळ कांदा काढून चाळीत भरायची घाई, लग्नसराई आणि चाळिशी पार केलेले ऊन, हे तिन्ही एकदम. विधानसभा दिवाळीच्या आगेमागे येते. तेव्हा लाल कांद्याची काढणी आणि बागलाणच्या आगाप द्राक्षांची लगबग असते, आणि डोंगरातली कुटुंबे ऊसतोडीला किंवा निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला निघू लागतात. एक मजूर कुटुंब मतदानाला गावी परतायचे तर भाडे आणि बुडालेली मजुरी मोजते. त्यामुळे इथल्या टक्केवारीला उदासीनतेचे लेबल लावण्याआधी ती कोणत्या महिन्यातली आहे हे पाहायला हवे. पुढे धुळ्यात मतदान वाढले. 2019 मध्ये ते 57 टक्क्यांजवळ आणि 2024 मध्ये 60 टक्क्यांच्या आसपास पोचले. 2014 आणि 2019 मध्ये भाजपचे डॉ. सुभाष भामरे निवडून आले, दुसऱ्यांदा तर 2 लाख 29 हजार मतांनी. ही जागा आता पक्की, असे वाटण्याजोगी स्थिती होती.

मग कांदा परत आला. 19 ऑगस्ट 2023 ला केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावले. व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, शेतकरी रस्त्यावर आले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य ठरले. 8 डिसेंबरला निर्यातबंदीच आली. लाल कांदा नुकताच बाजारात येत होता आणि सटाणा, नामपूर, उमराणे, लासलगाव इथले भाव एकदम खाली आले. मार्च 2024 च्या अखेरीस बंदी संपेल ही आशा होती, पण ती पुढे वाढवली गेली. एप्रिलच्या अखेरीस गुजरातमधल्या पांढऱ्या कांद्याच्या दोन हजार टन निर्यातीला परवानगी दिल्याची बातमी आली. आमच्या लाल कांद्याने काय पाप केले, असा प्रश्न गावागावांत विचारला जाऊ लागला. 4 मे ला बंदी उठली ती 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क कायम ठेवूनच. 15 मे ला पंतप्रधानांची सभा पिंपळगाव बसवंतला होती, तिथे भर सभेत एका तरुणाने कांद्यावर बोला असे ओरडून सांगितले. पाच दिवसांनी, 20 मे ला, धुळे, दिंडोरी आणि नाशिक इथे लोकसभेसाठी मतदान झाले.

4 जूनला दिंडोरीत केंद्रीय मंत्री डॉ. भारती पवार शिक्षक असलेल्या भास्कर भगरे यांच्याकडून 1 लाख 13 हजार मतांनी हरल्या. नाशिकमध्येही विरोधी आघाडीचे राजाभाऊ वाजे 1 लाख 62 हजारांनी जिंकले. धुळ्यात काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांनी डॉ. भामरेंना 3,831 मतांनी हरवले. जवळजवळ बारा लाख मतांत एवढाच फरक. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीच नाशिकमध्ये कांद्याने रडवल्याची कबुली दिली.

धुळ्याच्या निकालावरची चर्चा मात्र लगेच दुसरीकडे वळली. मालेगाव मध्यने बच्छाव यांना 1 लाख 94 हजारांची आघाडी दिली होती, आणि उरलेल्या पाच क्षेत्रांत मिळून भामरे सुमारे 1 लाख 90 हजारांनी पुढे होते. भाजपच्या नेत्यांनी हा आकडा राज्यभर फिरवला आणि निकालाला धार्मिक रंग दिला. हे वाचन मला अपुरे वाटते. 2019 मध्ये मालेगाव मध्य विरोधात असूनही भामरे सव्वादोन लाखांहून जास्त फरकाने जिंकले होते. म्हणजे उरलेल्या पाच क्षेत्रांतली त्यांची आघाडी तेव्हा याहून बरीच मोठी असली पाहिजे. 2024 मध्ये ती एवढी आटली नसती तर मालेगाव मध्यने कितीही एकगठ्ठा मतदान केले तरी निकाल फिरला नसता. मालेगावात मुसलमान मतदार रांगा लावून आले हे खरे, आणि लोकशाहीत रांग लावणे हा गुन्हा नाही. पण भामरे हरले त्याला बागलाण, सिंदखेडा आणि धुळे ग्रामीणच्या शेतकऱ्यांचा राग आणि त्यांच्यातल्या काहींचे घरी बसणे तेवढेच कारण होते. 1980 च्या नोव्हेंबरात जो राग रस्त्यावर होता तो चव्वेचाळीस वर्षांनी मतयंत्रात उतरला.

हा राग सहा महिनेही टिकला नाही, आणि त्याची कारणे समजून घेण्याजोगी आहेत. जूनअखेरच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि निवडणुकीआधी महिन्याला दीड हजाराचे पाच हप्ते स्त्रियांच्या खात्यांत आले. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत झाली. 13 सप्टेंबरला केंद्राने कांद्याचे किमान निर्यात मूल्य काढले आणि शुल्क 20 टक्क्यांवर आणले. नोव्हेंबरात चाळीत उरलेल्या उन्हाळ कांद्याला क्विंटलला चार हजारांच्या वर दर मिळू लागला. हा भाव मिळाला तो ज्याची चाळ मोठी आणि ज्याला पाच महिने थांबणे परवडले त्याला. लहान शेतकऱ्याने मे-जूनमध्येच, पडेल त्या भावाने, कांदा विकून खताचे आणि लग्नाचे पैसे चुकते केले होते. त्याच्या घरात नोव्हेंबरात जे पैसे दिसले ते बायकोच्या खात्यातले दीड हजार. चांदवडला ज्या पिढीने घामाचे दाम मागितले, तिच्या सुना-नातींना राज्याने दाम न देता हप्ता दिला आणि त्यांनी तो स्वीकारला. गरज असलेल्या बाईला त्यासाठी नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण मागणी मान्य झाली असेही कोणी समजू नये.

20 नोव्हेंबर 2024 ला राज्यात 66 टक्के मतदान झाले, 1995 नंतरचे सर्वांत जास्त. 23 तारखेला नाशिक जिल्ह्यातल्या पंधरापैकी चौदा जागा महायुतीकडे गेल्या. बागलाणमध्ये दिलीप बोरसे यांनी दीपिका चव्हाण यांचा 1,29,297 मतांनी पराभव केला. राज्यातल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी हा एक. दर निवडणुकीत आमदार बदलण्याची बागलाणची वीस वर्षांची रीत त्या दिवशी मोडली. शेजारच्या मालेगाव मध्यमध्ये एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल त्याच दिवशी 162 मतांनी जिंकले. एका बाजूला सव्वा लाखाहून मोठा फरक, दुसऱ्या बाजूला दीडशेच्या घरातला, आणि दोन्ही मतदारसंघ मोसम नदीने जोडलेले. जिथे चुरस असते तिथे प्रत्येक मताला भाव येतो. जिथे निकाल एकतर्फी लागतो तिथे जिंकलेल्याला कुणाचीच भीती उरत नाही. बागलाणच्या शेतकऱ्याने जूनमध्ये कमावलेली किंमत नोव्हेंबरात स्वस्तात विकली, असे माझे मत आहे. बोरसे यांचे काम चांगले की वाईट याच्याशी त्याचा संबंध नाही. एवढ्या फरकाने निवडून आलेल्या कोणत्याही पक्षाच्या आमदाराला पुढच्या निर्यातबंदीच्या वेळी दिल्लीशी भांडण्याचे कारण उरत नाही.

1 एप्रिल 2025 ला उरलेले 20 टक्के शुल्कही निघाले. तोवर परदेशातल्या ग्राहकांनी दुसऱ्या देशांकडून कांदा घ्यायला सुरुवात केली होती, आणि त्या वर्षीचा उन्हाळ कांदा पुन्हा खर्च न भरून काढणाऱ्या भावाने विकला गेला. निवडणूक संपली होती, त्यामुळे त्या भावाची नोंद कुठल्याही मतमोजणीत झाली नाही.

निवडणूक आयोग प्रत्येक निवडणुकीनंतर बूथनिहाय मतांचा तक्ता प्रसिद्ध करतो. त्याला फॉर्म 20 म्हणतात आणि तो कोणालाही पाहता येतो. सटाण्यातल्या महाविद्यालयांनी, शेतकरी गटांनी आणि डोंगरातल्या ग्रामसभांनी मे आणि नोव्हेंबर 2024 चे आपल्या गावचे तक्ते शेजारी ठेवून वाचावेत. किती जण आले, किती घरी राहिले, कोणत्या महिन्यात काय भाव होता, हे गावातच मांडता येईल. 1982 च्या मांडवात बागलाणच्या शेतकऱ्याने उत्पादन खर्च काढायला शिकून घेतला होता. मताचा हिशेबही त्यालाच मांडावा लागेल, आणि पुढची निवडणूक जाहीर होण्याआधी मांडावा लागेल.